बांगडा घ्यावा कसा, करावा कसा

पापलेट-सुरमईचे भाव ऐकून मागे फिरणाऱ्यांनी बांगड्याशी नीट ओळख करून घ्यावी. चवीला तो कुणाच्या मागे नाही. मात्र हा तेलकट मासा लवकर उतरतो, म्हणून निवड महत्त्वाची.

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. पावसाळा सरला की बांगड्याचे थवे जाळ्यात, रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या लांब जाळ्यात) येऊ लागतात आणि हिवाळ्यापर्यंत माल चांगला असतो.

घेताना आधी डोळा बघा. तो फुगीर, काळाभोर हवा. आत बसलेला, पांढुरका दिसला तर पुढच्या टोपलीकडे वळा. मग गाल उचला: कल्ले लाल हवेत, तपकिरी नकोत. पाठ हिरवट-निळी चकाकते. डोक्याकडून धरून आडवा केला तर ताजा बांगडा ताठ राहतो, शेपटी लोंबत नाही. शेवटी पोटावर बोट दाबा. खळगा राहिला तर सोडून द्या. पोट फुटलेला तर फुकटही घेऊ नये.

घरी लांब जायचं असेल तर बर्फ मागून घ्या. उन्हात राहिलेल्या बांगड्यात हिस्टामाइन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. तोंड लाल होतं, अंगावर पित्त उठतं. खाताना जीभ चुरचुरली तर ताट बाजूला सारा.

साफ करताना सुरीने बारीक खवले खरवडा, कल्ले आणि आतडी काढा, पोटातलं रक्त धुऊन टाका. गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, निघाली तर ती ठेवाच.

माझा कौल तिखल्याला, म्हणजे तिरफळ घातलेल्या झणझणीत कालवणाला. भिजवलेल्या सुक्या मिरच्या, धणे, हळद आणि मूठभर ओलं खोबरं गुळगुळीत वाटा. पाच-सहा तिरफळं घ्या, आतलं काळं बी फेकून द्या, सालं जराशी ठेचा. वाटणाबरोबर वाटू मात्र नका, कडवटपणा येतो. वाटण, तिरफळं, चार आमसुलं, मीठ आणि बेताचं पाणी उकळलं की तुकड्या सोडा. आठ-दहा मिनिटं पुरतात. पळी फिरवू नका, पातेलं कापडाने धरून हलवा. उतरवताना वरून चमचाभर कच्चं खोबरेल घाला. फोडणी नको.

तळायचा असेल तर अख्ख्या बांगड्याला दोन्ही अंगांनी तिरक्या चिरा द्या, मीठ-हळद-तिखट आणि आगळ (कोकमाचा रस) चोळून अर्धा तास ठेवा, रव्यात घोळवून मध्यम आचेवर तळा. खालची बाजू सुटेपर्यंत उलथू नका, नाहीतर कातडं तव्यालाच राहतं.