किड्यांचं जुनं रंगवलेलं चित्र घेताय? आधी उलटं करून बघा

मैत्रिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला, "दोनशे वर्षं जुनं, हाताने रंगवलेलं फुलपाखरू, घेऊ का?" मी म्हटलं मागच्या बाजूचा फोटो पाठव. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. पण खरंच, या प्रकारात चित्राची पाठ जास्त बोलते, समोरून सगळीच सुंदर दिसतात आणि तिथेच आपण फसतो. मी पण फसलेय, ते पुढे सांगते.

आधी ही चित्रं बनायची कशी ते थोडक्यात. म्हणजे १८३०-४० पर्यंत रंगीत छपाई जवळजवळ नव्हतीच, आणि नंतरही बरीच वर्षं चांगल्या पुस्तकांत हातानेच रंग भरायचे. तांब्याच्या प्लेटवर रेषा कोरायच्या, शाई भरायची, दाबाखाली कागदावर उतरवायची, आणि मग तो काळा-पांढरा छापा रंगवणाऱ्यांकडे जायचा. समोर एक नमुना ठेवलेला आणि एकेक पान ब्रशने रंगवायचं. कित्येकदा एकाने फक्त हिरवा भरायचा, दुसऱ्याने निळा, असं पान पुढे सरकायचं. म्हणून एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींत तेच फुलपाखरू थोडं वेगळं दिसतं, ही चूक नाही, हीच तर मजा आहे.

आता तपासणी. लागतं काय, तर दहापट मोठं दाखवणारं भिंग (सोनाराकडे असतं तसलं, ऑनलाइन स्वस्तात मिळतं), एक टॉर्च, आणि जमलं तर नोटा तपासायची यूव्ही टॉर्च.

भिंग लावलं की सगळे आधी रंग बघतात. तसं करू नका, आधी काळी रेष बघा. खरी तांब्याची रेष सलग असते, टोकाला निमुळती होत जाते, आणि शाई कागदावर किंचित वर आलेली जाणवते. रेषच जर ठिपक्या-ठिपक्यांची दिसली तर बहुतेक विषय संपला, तो आधुनिक प्रिंट असणार, रंग कितीही जुने वाटोत. रेष पास झाली की रंगाकडे जा. हाताने लावलेला रंग पाण्यासारखा पसरलेला असतो, कडेला थोडा साचून गडद होतो, कुठे रेषेबाहेर गेलेला, कुठे कोपरा राहून गेलेला. काळ्या-निळ्या भागावर कधीकधी डिंकाची चकाकी असते, चित्र तिरपं धरलं की भुंग्याची पाठ चमकते, ते बघून मी आजही खुळावते. मधे येतं क्रोमोलिथोग्राफ, म्हणजे अनेक दगडांवरून एकेक रंग छापलेलं. घरात रविवर्मा प्रेसचं जुनं लक्ष्मीचं चित्र असेल तर त्यावर भिंग धरून बघा, वेडेवाकडे रंगीत ठिपके दिसतात ना, तेच. ते जुनं असू शकतं, छानही असतं, पण हाताने रंगवलेलं नाही आणि त्या भावाने घेऊ नये.

प्लेटचा दाब पण शोधा. तांब्याची प्लेट कागदात रुतते त्यामुळे चित्राभोवती चौकोनी खोलगट कड राहते, बोटाला लागते. पण ती नाही म्हणून लगेच खोटं म्हणू नका. छोट्या पुस्तकांची पानं बांधणीत कापली जायची, त्यात कड गेलेली असते. आणि चित्र शिळाछाप असेल, आपल्या जुन्या पोथ्या असायच्या तसं दगडावरून, तर दाबाची कड नसतेच, रेष पण थोडी खडूसारखी दाणेदार. मूरचं भारतातल्या फुलपाखरां-पतंगांवरचं पुस्तक 'लेपिडॉप्टेरा इंडिका' तसंच, १८९० ते १९१३, दहा खंड, दगडावर छापून हाताने रंगवलेलं. मूर १९०७ मध्ये गेला आणि उरलेलं काम कर्नल स्विन्हो यांनी पूर्ण केलं, हे तेच स्विन्हो जे १८८३ मध्ये मुंबईत बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) स्थापन करणाऱ्यांत होते. आपल्याकडच्या फुलपाखरांची चित्रं हवी असतील तर माझ्या मते इथूनच सुरुवात करावी.

आता उलटं करा. कागद उजेडासमोर धरा. बारीक आडव्या रेघा आणि लांब-लांब उभ्या रेघा दिसल्या तर तो जुन्या पद्धतीचा जाळीवर गाळलेला कागद. एकसारखा गुळगुळीत असेल तर साधारण १७५० नंतरचा. इंग्लिश कागदात कधीकधी व्हॉटमन हे कागद बनवणाऱ्याचं नाव आणि साल पाण्याच्या खुणेत (वॉटरमार्क, उजेडासमोर धरलं की कागदातच दिसतो) असतं, १७९४ नंतर तर बऱ्याचदा. साल १८१५ दिसलं तर चित्र त्याआधी छापलेलं असूच शकत नाही, नंतरचं मात्र असू शकतं, ही गोष्ट विक्रेते सोयीने उलटी सांगतात. यूव्ही टॉर्चखाली कागद निळसर पांढरा झगमगला तर त्यात पांढरेपणा आणणारी रसायनं आहेत, जी साधारण १९५० नंतरच कागदात आली. जुना कागद असा चमकत नाही.

पाठीवर अजून एक बघा, हिरव्या पानांच्या बरोब्बर मागे तपकिरी सावली आहे का. जंगाल, म्हणजे तांब्याचा हिरवा रंग, कागद हळूहळू भाजत जातो आणि ती भाजणी मागे उमटते. हे डिफेक्ट असलं तरी मला ते दिसलं की हायसं वाटतं, कारण हा परिणाम व्हायला वर्षं जावी लागतात. पांढरे पंख राखाडी-काळे पडले असतील तर तो शिशाचा सफेदा, हवेतल्या गंधकाने काळवंडतो, तेही जुनेपणाचंच लक्षण. उलट जुन्या काळ्या-पांढऱ्या छाप्यावर नंतर कोणीतरी रंग भरलेले असतात, असा माल बाजारात भरपूर आहे. तेव्हा रंग जुन्या डागाच्या वरून गेलाय का बघा, आणि मागे रंग डागासारखा पाझरलाय का, कारण जुन्या कागदाची खळ (रंग फुटू नये म्हणून कागदाला दिलेला लेप) गेलेली असते आणि नवा रंग तो टिपकागदासारखा शोषतो.

माझी फसवणूक. एका दुकानात पतंगाचं चित्र घेतलं, कोपऱ्यात तपकिरी डाग, कडा पिवळट, मी खूश. घरी येऊन बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या साइटवर तीच प्लेट (म्हणजे पुस्तकातलं तेच चित्राचं पान) शोधली (हजारो जुनी पुस्तकं फुकट बघता येतात, घेण्याआधी बघायचं असतं हे तेव्हा कळलं नाही) तर स्कॅनमध्ये तोच डाग, त्याच कोपऱ्यात, त्याच आकाराचा! म्हणजे डागासकट प्रिंट मारलेली. भिंगाखाली डागातही ठिपके. तेव्हापासून नियम: रंग स्कॅनपेक्षा थोडे वेगळे असतील तर चांगलं, डागसुद्धा जुळला तर पैसे परत मागा.

कोणाची घ्यावीत? मारिया सिबिला मेरियन १६९९ मध्ये मुलीला घेऊन सुरिनामला गेली आणि १७०५ मध्ये तिथल्या किड्यांवर ६० प्लेटांचं पुस्तक काढलं, ती मूळ पानं आपल्यासारख्यांच्या आवाक्यातली नाहीत, स्वस्तात मिळत असेल तर समजून जा. तिची काही पानं मात्र आरशात दिसतात तशी उलटी आणि फिकट रेषेची असतात, ओल्या छाप्यावर दुसरा कागद दाबून घेतलेली, ती खोटी समजून टाकू नका. क्रामरचं परदेशी फुलपाखरांवरचं डच पुस्तक, १७७५ पासून, ४०० प्लेटा. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, त्याचं शास्त्रीय नाव क्रामरनेच १७७५ मध्ये दिलं, त्यामुळे ते पान माझं स्वप्न आहे. डोनोव्हनचं भारतातल्या किड्यांवरचं पुस्तक १८०० सालापासून निघायला लागलं, रंग एकदम भडक आणि चकचकीत, साहेब स्वतः कधी भारतात आले नाहीत, लंडनमध्ये आलेले वाळके नमुने बघून काढलं सगळं. आणि बजेट कमी असेल तर जार्डिनची 'नॅचरलिस्ट्स लायब्ररी', १८३३ ते १८४३, ४० छोटे खंड, खूप छापले गेले म्हणून तुलनेने स्वस्त. पुस्तक अख्खं असेल तर पानं फाडून विकायला लावू नका एवढी विनंती.

परदेशात राहणाऱ्यांनी मुंबईतून काही न्यायचं असेल तर सांभाळून, १९७२ च्या कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा.

घरी आणल्यावर लॅमिनेशन अजिबात नको! सेलोटेप नको, फेव्हिकॉल नको. फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगा की अ‍ॅसिड-फ्री माउंट बोर्ड पाहिजे, काच चित्राला टेकता कामा नये, आणि चित्र मागून फक्त वरच्या बाजूला जपानी टिश्यूने (पातळ पण चिवट कागद), गव्हाच्या स्टार्चच्या खळीने अडकवायचं. तो म्हणेल "काही होत नाही मॅडम", तर दुसरा फ्रेमवाला शोधा. उन्हात लावू नका, आधी पिवळा उडतो आणि हिरवी पानं निळी दिसायला लागतात, मग लाल रंग उडतो. बाहेरच्या भिंतीवर तर मुंबई-कोकणात मुळीच नाही, पावसाळ्यात भिंतीला ओल येते आणि कागदावर तपकिरी ठिपके. ते ठिपके ब्लीचने काढायचा उद्योग यूट्यूब बघून करू नका, रंग पाण्याचेच आहेत, वाहून जातील. दिवाळीच्या साफसफाईत फ्रेम उतरवून मागचा कागद उघडून बघा, कसर लागली असेल तर कडेला बारीक कुरतडल्यासारखं दिसतं.

मैत्रिणीने शेवटी मागचा फोटो पाठवला. मागे चकचकीत पांढरा कागद आणि प्रिंटरच्या चाकांच्या खुणा.