ओढ्यात गाडी घालण्याआधी

महिंद्रा थार ६५० मिलिमीटर आणि फोर्स गुरखा ७०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाते, असं कंपन्या सांगतात. हे आकडे संथ पाण्याचे धरावेत. ६० सेंटिमीटर खोल वेगवान पाणी एसयूव्हीसुद्धा वाहून नेऊ शकतं, असा अमेरिकेच्या हवामान खात्याचा इशारा आहे. म्हणजे सह्याद्रीतल्या भरल्या ओढ्यात कागदावरच्या मर्यादेच्या आतच चाकांची पकड सुटते. म्हणून सगळ्यात आधी काठी हवी, दीड मीटरची. तिच्यावर चाकाच्या मध्याची उंची आणि इंजिन जिथून हवा ओढतं त्या तोंडाची उंची रंगीत चिकटपट्टीने खुणावून ठेवा. मग पाणी चालून बघा, डाव्या चाकाच्या वाटेने एकदा आणि उजव्या चाकाच्या वाटेने एकदा, कारण गोटा किंवा खड्डा एकाच बाजूला असतो. पाणी पाय ओढत असेल तर तिथूनच परत फिरा. पलीकडचा चढही बघून घ्या. ओल्या लाल मातीवर चाकं फिरत राहिली तर गाडी पुन्हा पाण्यात येते. घाटमाथ्यावर पाऊस चालू असेल तर खाली ऊन पडलं तरी पाणी चढतं. ते अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला, तर थांबा.

गाडीच्या तयारीत ब्रीदर पाइप, म्हणजे बंद भागांतली हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या नळ्या, सर्वात दुर्लक्षित राहतात. चालून तापलेला डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारा, तेलाने भरलेला गिअरचा डबा) गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते. ब्रीदरचं तोंड पाण्याखाली किंवा गाळाने बंद असेल तर ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वळवणारा गिअरचा डबा) यांचे ब्रीदर नळीने बॉनेटखाली उंच आणावेत, आणि पाण्यात उतरण्याआधी गाडी १५-२० मिनिटं थंड होऊ द्यावी. स्नॉर्कल (इंजिनसाठी वरून हवा घेणारी उंच नळी) असेल तर त्याचा प्रत्येक जोड तपासा. एक क्लिप सैल असली तरी त्याचा उपयोग शून्य. एसी बंद करा, नाहीतर रेडिएटरचा पंखा पाण्यात फिरतो आणि पाती वाकून रेडिएटरला लागतात. दोर आणि शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी) टो हुकला, म्हणजे गाडी ओढायच्या हुकला, आधीच लावून ठेवा, कारण हुक पाण्याखाली गेल्यावर तो हाताला सापडत नाही. काचा खाली, दारांचं लॉक उघडं.

फोर लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारी जोडणी), पहिला किंवा दुसरा गिअर, चालत्या माणसाच्या वेगाने आत शिरा. बंपरपुढे लाट तयार होते आणि तिच्यामागे इंजिनपाशी पाणी खाली राहतं. मध्येच अॅक्सिलरेटर सोडला की ती लाट परत इंजिनवर येते, म्हणून क्लच दाबू नका, गिअर बदलू नका. पहिली गाडी बाहेर पडल्यावरच दुसरी उतरवा.

गाडी पाण्यात बंद पडली तर स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जातं. गाडी ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर बघा. तो ओला निघाला तर पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग, डिझेलचे इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून आतलं पाणी बाहेर काढल्याशिवाय चावी फिरवायची नाही.

पलीकडे गेल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं अंतर जा. मागच्या ड्रम ब्रेकमध्ये अडकलेला गाळ घरी धुवून काढा. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी डिफरन्शियलचा ड्रेन प्लग थोडा सैल करा. पाणी तळाशी बसतं, त्यामुळे शिरलं असेल तर तेच आधी येतं. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर ते पूर्ण बदला.

आणि ओढा सरळ, एकदाच ओलांडा. पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला याच पाण्यातून वर जातात. व्हिडिओसाठी पात्रात वर-खाली गाडी फिरवू नये.