लेथच्या हत्यारांसाठी बेंच ग्राइंडर: या चुका टाळा

सागवानात सिलिका असते. लाकडाच्या लेथवर त्यावर गॉज (लाकूड कोरायची पन्हळीच्या आकाराची पटाशी) चालवला की धार भराभर जाते आणि एकाच वाडग्यासाठी तीन-चार वेळा ग्राइंडरकडे वळावे लागते. दर खेपेस तोच कोन मिळाला तर दोन हलक्या फेऱ्यांत काम होते. कोन हुकला की प्रत्येक वेळी पोलाद जाते आणि चांगला गॉज बघता बघता आखूड होतो. म्हणून ग्राइंडर घेताना आणि बसवताना सगळे लक्ष दगड आणि रेस्टवर (हत्यार टेकवायच्या आधारावर) हवे. मोटरचा हॉर्सपॉवर त्यानंतर.

वेग आणि आकार

50 हर्ट्झ विजेवर साधा ग्राइंडर सुमारे 2850 आरपीएमने फिरतो, स्लो स्पीड सुमारे 1440ने. 8 इंची दगडाच्या कडेचा वेग पहिल्यात सेकंदाला 30 मीटरच्या आसपास, दुसऱ्यात त्याच्या निम्मा. शिकाऊ हाताला स्लो स्पीड बरा. चूक झाली तरी पोलाद कमी जाते. पण 2850चा ग्राइंडर घरात असेल तर तो विकायची गरज नाही, दगड बदला. 6 इंचीपेक्षा 8 इंची घ्यावा. लहान दगडावर बेव्हल (धारेमागचा घासलेला उतार) जास्त खोलगट होतो, आणि दगड झिजला की कोनही लवकर सरकतो.

सोबत आलेला दगड तसाच ठेवणे

ग्राइंडरसोबत येणारा करडा दगड बहुधा 36 किंवा 60 ग्रिटचा (ग्रिट म्हणजे कणांचा बारीकपणा, आकडा मोठा तितके कण बारीक) आणि कडक असतो. तो वेल्डिंगचे काम घासायला ठीक. एचएसएस (हाय स्पीड स्टील) हत्यारावर त्याचे बोथट कण गळत नाहीत, दगड चकाकू लागतो आणि कापण्याऐवजी नुसता तापवतो. पांढरा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड घ्या: लेबलवर डब्ल्यूए, 80 ग्रिट, ग्रेड जे किंवा के. ग्रेडचे अक्षर जितके पुढचे तितका दगड कडक. हिरवा दगड कार्बाइडच्या हत्यारांसाठी असतो, एचएसएससाठी घेऊ नका. दगडावर छापलेला कमाल आरपीएम मोटरपेक्षा जास्त आहे ना, हेही पाहा.

बसवण्याआधी दगड बोटावर टांगून स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलके ठोका. खणखणीत आवाज हवा. बद्द आवाज आला तर दगडाला तडा असू शकतो, तो वापरू नका. दोन्ही बाजूंच्या कागदी चकत्या काढू नका. डावीकडच्या नटाचे आटे उलटे असतात, आणि नट जास्त आवळल्यानेही दगड तडकतो. पहिल्यांदा चालू करताना मिनिटभर बाजूला उभे राहा.

थरथर

सर्वांत जास्त तक्रारी याच्याच. प्लग काढून दोन्ही दगड उतरवा, शाफ्टवर काही सैल राहिलेले नाही ना ते पाहा, आणि मोटर नुसती चालवा. तरीही थरथरत असेल तर शाफ्ट वाकलेला किंवा बेअरिंग गेलेले. असा ग्राइंडर परत करा. मोटर शांत फिरत असेल तर दोष दगडाच्या बाजूला. दगडाच्या मधल्या भोकातला प्लास्टिक बुश (भोक शाफ्टच्या मापाचे करणारी नळी) सैल आहे का ते बघा. पातळ पत्र्याच्या फ्लँज (दगडाला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या धातूच्या चकत्या) अनेकदा वाकड्या असतात. दगड फ्लँजवर पाव फेरी फिरवून पुन्हा आवळा, फरक पडेपर्यंत हे करत राहा. मग डायमंड ड्रेसरने (दगड घासायच्या, हिरे बसवलेल्या अवजाराने) दगड गोल करा. एका फेरीत केसाएवढेच काढायचे, ड्रेसर रुतवायचा नाही. धूळ बारीक असते, मास्क लावा. ग्राइंडर डुगडुगत्या टेबलावर असेल तर ही सगळी मेहनत वाया जाते.

रेस्ट आणि कोन

सोबतचा पत्र्याचा रेस्ट दाबला की वाकतो, आणि बेव्हलवर एकाऐवजी तीन-चार पैलू पडतात. जाड प्लेटचा, घट्ट आवळता येणारा रेस्ट लावा. दगडापासून अंतर 3 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. बेव्हलला मार्कर फासा, ग्राइंडर बंद ठेवून दगड हाताने फिरवा. शाई फक्त टोकाकडे पुसली गेली तर कोन बोथट होतोय, फक्त टाचेकडे (बेव्हलच्या धारेविरुद्धच्या कडेला) गेली तर निमुळता. पूर्ण बेव्हलवर पुसली गेली की मगच स्विच दाबा.

बोल गॉजला 55 ते 60 अंश, रफिंग गॉजला 45, स्पिंडल गॉजला 35 ते 40 ठेवा. जिग (हत्यार ठरलेल्या कोनात धरणारे साधन) वापरत असाल तर गॉज जिगच्या बाहेर किती निघतो ते दर वेळी तेच हवे. 45 मिलिमीटर ठरवले असेल तर लाकडाच्या ठोकळ्यावर कडेपासून तेवढ्या अंतरावर पट्टी ठोकून ठेवा आणि दर वेळी त्यावरच मापा. अंदाजाने बसवलेला गॉज कधीच तोच कोन देत नाही.

रंग बघून घाबरणे

टोक निळे पडले की काय करायचे, हे पोलादावर अवलंबून आहे. फांद्या फुटणाऱ्या पांढऱ्या-पिवळ्या ठिणग्या उडाल्या तर ते कार्बन स्टील. त्याचे निळे झाले म्हणजे पाणी उतरले, कडकपणा गेला. तेवढा भाग घासून काढावा लागतो, म्हणून वरचेवर पाण्यात बुडवा. एचएसएसच्या ठिणग्या मंद, लालसर असतात. त्याला हा रंग बाधत नाही. उलट तापलेले टोक पाण्यात बुडवले तर बारीक तडे जाऊ शकतात. हवेतच थंड होऊ द्या, आणि पुढच्या वेळी हात हलका ठेवा.

दगडाऐवजी सीबीएन चाक (क्युबिक बोरॉन नायट्राइड या अतिकठीण कणांचा थर दिलेले धातूचे चाक) वापरत असाल तर त्यावर ड्रेसर कधीही लावू नका, त्याचा थर निघून जातो. मऊ लोखंडही घासू नका, कण भरून ते बोथट होते.