ऑटोकॅडमध्ये एकाच खोलीची दोन लेबलं?

प्लॅनमधलं ‘किचन’ बाकीच्या नावांपेक्षा जाड, थोडं काळपट दिसतंय? फॉन्ट बदलायला धावू नका. बहुतेक वेळा एकावर एक दोन लेबलं बसलेली असतात. त्यावर नुसतं क्लिक केलं तर एकच सिलेक्ट होतं आणि आपण फसतो. त्याऐवजी विंडो ओढून सिलेक्ट करा आणि प्रॉपर्टीज पॅलेटच्या माथ्यावर बघा. तिथे ‘टेक्स्ट (2)’ दिसलं की चोर सापडला.

मग एकावर एक आलेल्या नकला काढणारी ओव्हरकिल (OVERKILL) कमांड द्या. एक मेख आहे: एक लेबल एका लेयरवर (ड्रॉइंगच्या थरावर) आणि दुसरं दुसऱ्यावर असेल तर ओव्हरकिल त्यांना वेगळं समजून सोडून देते. डायलॉगमध्ये लेयर आणि रंग दुर्लक्षित करायच्या खुणा करा. पण आधी फाइलची कॉपी ठेवा, कारण ओव्हरकिल रेषाही साफ करते आणि कधी कधी जरा जास्तच उत्साहाने. म्हणून मी तरी सगळं ड्रॉइंग न निवडता फक्त लेबलं निवडतो.

लेबल वेगळं सिलेक्ट किंवा डिलीट होत नसेल तर ते एक्सरेफमधून (म्हणजे जोडलेल्या दुसऱ्या ड्रॉइंग फाइलमधून) आलेलं असू शकतं किंवा त्याचा लेयर लॉक असेल. एक्सरेफचं लेबल मूळ फाइलमध्येच काढावं लागतं.

आणि सिलेक्ट केल्यावरच बाजूला फिकट दुसरं लेबल दिसत असेल तर डिलीट दाबू नका! ते ॲनोटेटिव्ह टेक्स्टचं (स्केलप्रमाणे आकार बदलणाऱ्या मजकुराचं) वेगळ्या स्केलचं रूप आहे, डिलीट केलंत तर सगळीच रूपं जातील. सगळ्या रूपांची जागा जुळवायची असेल तर ॲनोरिसेट (ANNORESET) कमांड द्या.