नेहमीचा साहित्यप्रकार सोडताना कुठून सुरुवात करावी

कादंबऱ्यांच्या वाचकाने नाटकाकडे वळायचं असेल, तर महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' आधी घ्यावं. नागपूरकरांना त्यातली वऱ्हाडी बोली कानाला लगेच ओळखीची वाटते. नाटक वाचताना बहुतेकांची गाडी अडते ती एकाच ठिकाणी: कंसातल्या रंगसूचना गाळल्या जातात आणि कोण कोणाशी बोलतंय तेच कळेनासं होतं. म्हणून पात्रांच्या यादीवरून नाटकातल्या देशपांडे घराण्याची वंशावळ कागदावर काढा, तो कागद पुस्तकात खूण म्हणून ठेवा, आणि एक अंक एका बैठकीत संपवा. अंगणात नुसताच पडून असलेला ट्रॅक्टर दर प्रवेशात डोळ्यांसमोर राहू द्या, घराची सगळी अवस्था त्यात आहे. पुढे याच घराण्याची पुढची दोन नाटकं, 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त', याच क्रमाने. उलट वाचलंत तर पडझडीचं वजनच जाणवत नाही.

कवितेसाठी सुरेश भटांचा 'एल्गार'. गझल मोठ्याने वाचा. मतल्याच्या, म्हणजे गझलेच्या पहिल्या शेराच्या, दोन्ही ओळींत शेवटी येणारा रदीफ (तसाच पुन्हा येणारा शब्द) आणि त्याच्या आधीचा काफिया (यमकाचा शब्द) पेन्सिलीने अधोरेखित केला की पुढचे शेर, म्हणजे दोन-दोन ओळी, आपोआप उलगडतात. दिवसाला दोन गझला पुरे.

रानाची ओढ असेल तर मारुती चितमपल्लींचं 'पक्षी जाय दिगंतरा'. पक्ष्यांची मराठी नावं वेगळ्या वहीत टिपत चला, नागपूरच्या अंबाझरी तलावावर पहाटे गेलात की वही कामी येते.

विज्ञानकथेला जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह. कथा सुट्या आहेत, कुठूनही उघडा.