उरलेल्या शोभेच्या कागदाचे डूल

अनंत चतुर्दशीला इंदूरच्या रस्त्यांवरून गिरण्यांच्या झांक्या (चित्ररथ) निघून गेल्या, घरचे मखर उतरवून झाले, की शोभेच्या कागदाचे हात-दीड हाताचे तुकडे उरतात. ते टाकवत नाहीत आणि पुढच्या वर्षापर्यंत त्यांचा रंगही टिकत नाही. या तुकड्यांचे कानातले लोंबते डूल उत्तम होतात. मात्र कागदाचा डूल टिकणार की नाही हे त्याच्या नक्षीवर ठरत नाही. थर कोणत्या दिशेने चिकटवले आणि ते किती वेळ दाबून ठेवले, यावर ते ठरते.

बाहेरच्या थरासाठी घोटीव कागद, छापील नक्षीचा कागद किंवा हातकागद घ्यावा. झुरमुळ्यांचा क्रेप कागद ओला झाला की रंग सोडतो आणि जिलेटीनवर पांढरा गोंद धरत नाही, म्हणून हे दोन्ही बाजूला ठेवावेत. आतल्या थरांसाठी जुन्या लग्नपत्रिकांसारखे दुसरे काही नाही, कारण त्यांचा कागद जाड असूनही धारदार पात्याने स्वच्छ कापला जातो. पत्रिकेवर गणपतीचे चित्र किंवा कुलदेवतेचे नाव असेल, तर तो भाग मी आधीच काढून ठेवते.

यंत्रावर तयार होणाऱ्या बहुतेक कागदांत तंतू एकाच दिशेने लागलेले असतात. वर्तमानपत्र उभे फाडले तर सरळ फाटते आणि आडवे फाडले तर वाकडेतिकडे जाते, ते यामुळेच. तुमच्या कागदाचा छोटा तुकडा दोन्ही बाजूंनी फाडून पाहा. ज्या दिशेने तो सरळ फाटेल ती तंतूंची दिशा समजा आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने बाण काढून ठेवा. गोंदातले पाणी प्यायल्यावर तंतू लांबीपेक्षा रुंदीत जास्त फुगतात, त्यामुळे दोन्ही अंगांना सारखे थर नसतील तर वाळताना डूल एका बाजूला वाकतो. माझा पहिला जोड असाच वाकला होता, कारण मी पुढे नक्षीचा कागद लावला होता आणि मागची बाजू तशीच कोरी सोडली होती.

म्हणून थर नेहमी विषम संख्येत आणि मधल्या थराच्या दोन्ही बाजूंना सारखे असावेत. मी ५ थर घेते: मध्ये पत्रिकेचे ३ आणि दोन्ही बाहेरच्या बाजूंना नक्षीचा १-१. शेजारच्या दोन थरांचे बाण एकमेकांना काटकोनात यावेत, म्हणजे प्लायवूडसारखी मजबुती येते. फेव्हिकॉलमध्ये पाण्याचे दोन-चार थेंब घालून तो रुंद ब्रशने पातळ आणि सर्वत्र सारखा लावावा, आणि पुढचा थर ठेवल्यावर जुन्या पत्रिकेच्या कडेने मधून बाहेर दाबत हवा काढावी. मग बटर पेपरच्या दोन तुकड्यांमध्ये हा तक्ता घालून वर जाड पुस्तके रचावीत. २४ तासांच्या आत पुस्तके उचलू नयेत आणि हवा दमट असेल तर आणखी एक दिवस थांबावे. भाद्रपदातल्या पावसाळी हवेत ही घाई हमखास महागात पडते. शक्य असेल तर हे काम दसऱ्यानंतर करावे.

आकार वाळलेल्या तक्त्यातूनच कापावा. आधी कापून मग चिकटवले तर कडा जुळत नाहीत. आकारासाठी महेश्वरी साडीच्या काठाकडे पाहावे, कारण त्यावरचे हिरा आणि वीट हे दोन्ही नमुने सरळ रेषांचे आहेत आणि पट्टी धरून नेमके कापता येतात. एकदाच जोर लावण्याऐवजी कटर हलक्या हाताने सात-आठ वेळा फिरवावा. डूल तिरपा किंवा कैरीच्या आकाराचा असेल, तर दुसरा डूल आखताना साचा उलटा ठेवायला विसरू नये, नाहीतर दोन्ही एकाच कानाचे होतात. कापल्यावर कडा बारीक पॉलिश पेपरने घासाव्यात आणि त्यांवर बोटाने गोंदाचा पातळ हात फिरवावा.

वार्निश लावण्याआधीच भोक पाडावे, म्हणजे वार्निश भोकाच्या आतपर्यंत जाते आणि तिथून ओल शिरत नाही. वरच्या कडेपासून ३ मिलिमीटर आत, खाली जाड रबर ठेवून, दाभण दाबत न नेता फिरवत न्यावा. त्यानंतर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक वार्निशचे दोन-तीन पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. सोनेरी छपाई विरघळते का, हे आधी कापून उरलेल्या तुकड्यावर पाहावे.

डूल हुकाला जोडणारी कडी उघडताना तिची टोके दोन पकडींनी पुढे-मागे वळवावीत. बाहेर ताणली तर ती पुन्हा गोल बसत नाही. डूल घातल्यावर त्याचा चेहरा समोर येण्याऐवजी बाजूला वळत असेल, तर आणखी एक कडी जोडावी, की तो पाव वळसा फिरून समोर येतो. स्वस्त हुकांतल्या निकेलने अनेकींचे कान चिघळतात; म्हणून मी सराफ्यातून चांदीचे हुक घेते. दिवसा, सराफांची दुकाने उघडी असताना गेले की ते हातात घेऊन, त्यांच्या तारेची जाडी पाहून निवडता येतात.

डूल अंघोळीआधी उतरवावेत आणि अत्तर लावून झाल्यावर घालावेत. कधी कड सुटलीच, तर दातकोरणीने गोंदाचा थेंब आत सरकवून ती जागा बटर पेपरमध्ये धरून कपड्यांच्या चिमट्याने रात्रभर दाबून ठेवावी.