रात्री न चालणारी रोबोकॉपी स्क्रिप्ट

रोबोकॉपी ही विंडोजमधली फाइली कॉपी करण्याची आज्ञा. ती वापरणारी, हाताने चालवली की फोल्डर बिनबोभाट कॉपी करणारी स्क्रिप्ट रात्री टास्क शेड्युलरमधून (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीतून) चालवल्यावर काहीच करत नसेल, तर तिची एकही ओळ बदलण्यापूर्वी ती कोणत्या खात्यावरून चालते हे पाहावे. विंडोजमध्ये ‘झेड’सारखे अक्षर देऊन मॅप केलेला नेटवर्क ड्राइव्ह त्या लॉगिनपुरताच असतो, टास्क वेगळ्या लॉगिनखाली चालतो आणि तेथे ‘झेड’ अस्तित्वातच नसतो. म्हणून अक्षराऐवजी सर्व्हर आणि शेअर यांच्या नावांचा पूर्ण पाथ लिहावा. टास्कच्या खात्याला शेअरची आणि एनटीएफएसची (म्हणजे डिस्कवरच्या फाइल सिस्टमची) अशा दोन्ही परवानग्या असाव्यात, कारण त्यांतली अधिक कडक असेल तीच लागू होते.

यानंतरही अडचण राहिली, तर लॉग फाइल पहिल्या ओळीपासून वाचावी. एरर ५ म्हणजे परवानगी नाही, ५३ म्हणजे नेटवर्कवरचा पाथ सापडला नाही आणि ३२ म्हणजे फाइल दुसऱ्या कोणीतरी उघडून ठेवली आहे. या शेवटच्या प्रकारात स्क्रिप्ट थांबत नाही, नुसती अडून बसते. वेगळे काही सांगितले नसेल, तर रोबोकॉपी अशा फाइलसाठी १० लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून प्रयत्न करते; म्हणजे एका उघड्या एक्सेल फाइलपायी सुमारे ३४७ दिवस! आज्ञेला जोडायच्या पर्यायांपैकी, म्हणजे स्विचांपैकी, ‘आर’ला (किती वेळा प्रयत्न) ३ आणि ‘डब्ल्यू’ला (दर वेळी किती सेकंद थांबायचे) ५ एवढे आकडे पुरेसे आहेत.

अवतरणचिन्हांतील पाथच्या शेवटी बॅकस्लॅश ठेवू नये. तो ठेवल्यास बंद होणारे चिन्ह पाथचाच भाग मानले जाते आणि पुढचा पाथही त्यालाच चिकटतो. माझी एक अख्खी दुपार यात गेली; लॉगमध्ये ‘सोर्स’समोर दोन्ही पाथ एकापुढे एक छापलेले होते, पण मी थेट शेवटचे आकडे पाहत होतो.

शेड्युलरने निकाल १ दाखवला, तर घाबरण्याचे कारण नाही, कारण रोबोकॉपीच्या भाषेत त्याचा अर्थ फाइली कॉपी झाल्या असा आहे. ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तरच काहीतरी फसले आहे असे समजावे.

‘एमआयआर’ स्विच असलेली स्क्रिप्ट दुरुस्त केल्यावर मात्र ती लगेच चालवू नये. सोर्समध्ये नसलेले सर्व काही तो डेस्टिनेशनमधून पुसून टाकतो, त्यामुळे आधी ‘एल’ स्विच जोडून काय कॉपी होणार आणि काय पुसले जाणार याची नुसती यादी काढावी व ती तपासल्यावरच ‘एल’ काढावा.